अकरा बेचाळीसचं लिंबू

१

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझं वागणं वाचताना तुम्हाला नवल वाटणार नाही. पालीला भितो, लिफ्टला भितो, आईच्या अबोल्याला तर फारच भितो. पण त्या बुधवारी सकाळी नवी मुंबईत, पावण्याच्या आमच्या ऑफिसात एक लिंबू बघून मला वाटलेली भीती निराळीच होती. तळवे ओले झाले आणि मी ते पँटला पुसत राहिलो.

लिंबू नमिताताईंच्या स्क्रीनवर होतं. फोटोत पत्रा ठोकणाऱ्या लोखंडी प्रेसचा खालचा साचा, त्याच्या बरोबर मध्ये पिवळंधमक, गोलगरगरीत लिंबू, वर कुंकवाचा ठिपका. कोपऱ्यात मंगळवारची तारीख आणि वेळ, अकरा बेचाळीस.

"तेजस, हात कुठे आहे रे?" नमिताताईंनी विचारलं.

मंगळवारी अकरा बेचाळीसला त्या साच्यात प्रेसवरच्या कामगाराचा, कोंडिबा शेलारांचा, उजवा हात होता. अडकलेला पत्रा काढायला त्यांनी तो आत घातला, पाय चुकून पेडलवर पडला आणि प्रेस खाली आली. दोन बोटं गेली.

आमची कंपनी 'राखण' नावाचा डबा बनवते. त्याचा कॅमेरा साच्याकडे बघत असतो. आत हात दिसला की दिवा लाल होतो आणि पेडल कितीही दाबलं तरी प्रेस हलत नाही. मंगळवारी दिवा हिरवाच होता, कारण डब्याने बघितलेल्या चित्रात हात नव्हताच. होतं फक्त लिंबू.

"आणि हे लिंबू तर सकाळी आठलाच पूजेत चिरडलंय, सगळ्यांच्या देखत," नमिताताई म्हणाल्या. "मग पावणेबाराला ते अख्खं कसं?"

२

नमिता म्हात्रे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर. माहेर, सासर दोन्ही बोनकोडे गावातच, त्यामुळे नवी मुंबई नवी होण्याआधीची त्यांना आठवते. आवाज कधी चढवत नाहीत. त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटते.

कारखाना तुर्भ्याचा, मालक कुंदन भोईर. त्यांनी निदान करून ठेवलं होतं: कोंडिबाने सकाळीच लिंबाचा फोटो काढला, कॅमेऱ्यासमोर चिकटवला आणि राखणीला फसवून काम रेटलं. गुरुवारी बारा वाजता सरकारी निरीक्षक येणार होते. त्यांच्या कागदावर 'कामगाराने छेडछाड केली' असं उमटलं की कोंडिबांची तीस वर्षांची नोकरी आणि नाव, दोन्ही मातीत जाणार होतं.

"आणि कोंडिबाने काहीच केलं नसेल, तर ते आणखी वाईट," नमिताताई म्हणाल्या. "असले आणखी अकरा डबे बाहेर चालू आहेत. त्यांच्यासमोर आत्ता, ह्या मिनिटाला, कोणाचा तरी हात आहे."

पहिली चौकशी आमच्याच निशांतची. डब्याच्या कर्नलचं काम त्याच्याकडे. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटात बसलेला मुख्य कारकून. कॅमेऱ्याची चित्रं मेमरीत पानापानांनी ठेवलेली असतात आणि हात ओळखणारी चिप ती पानं वाचते. हवं ते पान जागेवर नसलं की चिप हाक मारते. त्या हाकेला पेज फॉल्ट म्हणतात. नाव भयंकर असलं तरी तो काही गुन्हा नाही. कारकुनाने पान शोधून आणायचं आणि 'घे' म्हणायचं, एवढंच.

"आधी आपण सगळी पानं कायमची मेमरीत डांबून ठेवायचो," निशांत सांगत होता. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. "मेमरी पुरेना. म्हणून एकोणीस दिवसांपूर्वीच्या नव्या व्हर्जनमध्ये लागेल तेव्हा आणायची सोय केली."

"पान सापडलं नाही तर?"

"तर चिप थांबते. दिवा लाल. चुकून हिरवा होऊच शकत नाही, मॅडम."

"आणि चुकीचं पान सापडलं तर?"

नमिताताईंनी समोरचा तपासणीचा कागद उचलला. 'सर्व चाचण्या यशस्वी' ह्या ओळीखाली सही होती. ती माझी.

३

तुर्भ्याला पोचलो तेव्हा कारखान्याच्या दारातच मला थांबावंसं वाटलं. आत चार प्रेस. एक नंबरची, कोंडिबांची, बंद, तिच्याभोवती दोरी बांधलेली. उरलेल्या तिन्ही धडधडत होत्या, आणि प्रत्येक साच्याच्या कडेला चिरडलेल्या लिंबाची साल पडलेली होती.

"अमावास्या तर काल झाली. आज लिंबू कशाला?" नमिताताईंनी विचारलं.

चार नंबरच्या प्रेसवरची बाई वळली. राहीबाई, कोंडिबांची बायको. नवरा दवाखान्यात आणि ही कामावर. घरी बसले तर हातपाय कापतात, म्हणाली.

"आवं, पयलं आमुशालाच ठिवायचो. काल ह्यांचं असं झालं, तवा समदी म्हनली, आता रोज लिंबू. त्याबिगर कुनी पेडलला पाय लावत न्हाई."

"कसं करता? सगळं सांगा."

"मशीनला हळदकुकू लावायचं. लिंबू साच्यात ठिवायचं. मग डब्यातला प्रोग्राम बंद करायचा, न्हाईतर उदबत्तीच्या धुरानं त्यो भोंगा मारतो. पूजा झाली का धूर बाजूला न्यायचा, प्रोग्राम चालू, आन् पयल्या ठोक्याला लिंबू फुटाय पायजे."

"प्रोग्राम बंद करतानाही भोंगा वाजतो की," नमिताताई म्हणाल्या. "चांगले नऊ सेकंद."

"वाजायचा. लई कर्कश. आरतीत नको वाटायचं," राहीबाई म्हणाली. "दिवाळीपासनं न्हाई वाजत."

नमिताताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी छताकडे बघत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दुपारचं ऊन पडलं होतं.

तेवढ्यात कुंदनशेठ आले. गावात ओळख असल्याने नमिताताई त्यांना दादा म्हणतात. "नमिता, अजून कवर शोधशील? माझा मानूस हाय, मनापन वाईट वाटतंय. पन त्यानं लबाडी केली, ती केलीच."

"चिकटवलेला फोटो सापडला का, दादा?"

"नाय. फेकला असंल."

"रक्ताळलेल्या हाताने?"

काचेच्या केबिनमध्ये उन्नती बसली होती, ऑफिसचं सगळं बघणारी मुलगी. मंगळवारी अकरा चाळीसच्या सुमाराला ती काय करत होती?

"रोजचंच, मॅडम. जेवणाच्या सुट्टीआधी मी डब्यांतली जुनी रेकॉर्डिंग इथून उघडते आणि किती माल निघाला ते मोजते. त्या दिवशी एक नंबरचं उघडलं आणि तेवढ्यात ओरडा ऐकला." तिने माऊस बाजूला सारला. "आज नाही उघडलं. हातच धजत नाही. पण उद्या निरीक्षकांना चारही दाखवायचीत, त्यामुळे उघडावंच लागेल."

४

दवाखान्यात कोंडिबा भिंतीला टेकून बसले होते. उजव्या हाताला पांढरं गाठोडं. मला बघून त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि मी मान खाली घातली.

"कोंडिबामामा, फोटो चिकटवला होता का?" नमिताताईंनी सरळ विचारलं.

"न्हाई बाय. विठोबाची आन."

"प्रोग्राम कसा बंद केला मंगळवारी?"

"झटक्यात."

"आमच्या पुस्तकात झटक्यात बंद करायची पद्धतच दिलेली नाही. नेहमीसारखा बंद केला तर नऊ सेकंद लागतात. डब्याच्या नोंदीत स्पष्ट आहे, सकाळी आठला प्रोग्राम एकदम मारलाय आणि आठ वाजून सात मिनिटांनी नवा चालू केलाय. कोणी शिकवलं?"

कोंडिबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, डोळा लवेपर्यंत.

"आपलं आपनच शिकलो," ते म्हणाले. "बोटं मारता मारता घावलं."

परतताना रिक्षात नमिताताई वहीत लिहिलेलं वाचत होत्या. मी मात्र बडबडत होतो, हवामान, खड्डे, ट्रकांची रांग. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच असावं. पण मी ताकही मागत नव्हतो, नुसतंच भांडं लपवत होतो.

५

गुरुवारी सकाळी दहाला नमिताताईंनी येताना पिशवीतून लिंबू आणलं. आमच्या प्रयोगशाळेत प्रेस नाही, फक्त साच्याचा नमुना, वर कॅमेरा, बाजूला दिवा. निशांत आणि मी दोघंही उभे होतो.

"चित्र नीट बघा," त्या म्हणाल्या. "लिंबू ठेवलंय, हात बाहेर निघालाय आणि धूर अजून नाही. म्हणजे हे चित्र कुठल्या क्षणाचं?"

"पूजेआधीचं," निशांत म्हणाला. "प्रोग्राम बंद करायच्या अगदी आधीचं."

"म्हणजे मेलेल्या प्रोग्रामने बघितलेलं शेवटचं चित्र. ते पावणेचार तासांनी जिवंत प्रोग्रामच्या डोळ्यांसमोर कसं आलं, एवढंच कोडं आहे." त्यांनी लिंबू साच्यात ठेवलं. "तेजस, बंद कर. कोंडिबा करतात तसा."

मी पुढे झालो आणि कीबोर्डवरच्या तीन कळा एकदम दाबल्या. भोंगा न वाजता प्रोग्राम गेला.

माझी बोटं अजून त्या तीन कळांवर होती.

"कुठल्या कळा, ते कोंडिबांनी सांगितलंच नव्हतं," नमिताताई हळू आवाजात म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं. "नंतर. आधी प्रोग्राम चालू कर."

नवा प्रोग्राम चालू झाला. त्यांनी लिंबू उचलून खिशात टाकलं आणि साच्यात हात घातला. दिवा लाल झाला. हात काढला, हिरवा. सगळं व्यवस्थित होतं.

"आता निशांत, तू उन्नती हो. जुनी रेकॉर्डिंग उघड."

निशांतने उघडली. रेकॉर्डिंगने मेमरी भरायला लागली, तशी चालू चित्राची पानं जागा सोडून बाजूला गेली. मिनिटभराने नमिताताईंनी पुन्हा हात घातला.

दिवा हिरवाच राहिला.

स्क्रीनवर, त्यांचा हात असायला हवा तिथे, लिंबू होतं. खरं लिंबू त्यांच्या खिशात होतं. मी टेबल धरलं. हे भूत नाही हे मला कळत होतं, पण भूत असतं तर बरं, असं वाटून गेलं. भुताला निदान कोणी सहीचा कागद दाखवत नाही.

"प्रत्येक प्रोग्रामला कारकून एक नंबर देतो," नमिताताई हात बाहेर न काढताच बोलत होत्या. "तेजस, तुझे वडील मार्केटात माथाडी होते ना? समज, एका हमालाचा बिल्ला बारा नंबरचा. तो गेला. बिल्ला नव्या हमालाला दिला. पण कारकुनाच्या वहीत बारासमोर जुन्याचंच नाव राहिलं. रोजच्या कामात काही बिघडत नाही. पण नवा जेव्हा काही मागायला खिडकीवर जातो, तेव्हा कारकून वही उघडतो आणि जुन्याचं गाठोडं त्याच्या हातात ठेवतो."

निशांत पांढराफटक पडला. "नीट बंद केला की आपण चिपच्या सगळ्या हाका मिटवतो आणि वहीतलं नाव खोडतो. त्यालाच नऊ सेकंद लागतात. पण झटक्यात मारला तर... त्या वाटेवर मी खोडायची ओळ लिहिलीच नाही. नाव तसंच राहतं आणि मेलेल्याची पानंही राहतात. पुढचा पेज फॉल्ट आला की तिथलंच पान."

"आणि ती वाट तपासायला हवी होती ज्याने—"

"मी," मी म्हणालो. "दिवाळीत मशीनपूजनाला मी तिथे होतो. भोंग्याने आरती बुडत होती. कोंडिबामामांनी हात जोडले, म्हणून मी ती युक्ती शिकवली. चारही प्रेसवाल्यांना. तेव्हा पानं कायम मेमरीत असायची, काही बिघडलं नाही. मग नवं व्हर्जन आलं. माझ्या यादीत झटक्यात बंद करायची चाचणी नव्हती, कारण पुस्तकात ती पद्धतच नव्हती. घातली असती तर विचारलं असतं, ही कुठून आली."

नमिताताईंनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा वाजून पाच मिनिटं.

"आजही त्यांनी लिंबू ठेवलं असणार," त्या म्हणाल्या. "तिन्ही प्रेसवर. आणि आज उन्नती रेकॉर्डिंग उघडणार आहे."

६

उन्नतीचा फोन सतत व्यस्त. कुंदनशेठ उचलत नव्हते. बाकीच्या आठ डब्यांच्या कारखान्यांना फोन करायला निशांतला बसवलं आणि आम्ही रिक्षा पकडली. पावण्याहून तुर्भे काही लांब नाही, पण पुढे ट्रकांची रांग होती आणि प्रत्येक ट्रकच्या बंपरला लिंबूमिरची लटकत होती. मी डोळे मिटून घेतले.

"दादाला ते तू सांगायचंस," नमिताताई म्हणाल्या. "मी नाही."

पोचलो तेव्हा अकरा अठ्ठावीस झाले होते. कुंदनशेठ मेन स्विचच्या खालीच उभे होते.

"दादा, प्रेस बंद करा," नमिताताई म्हणाल्या.

"येडी झालीस काय? निरीक्षक येतंय. बंद कारखाना दाखवू त्याला? आनि डब्यात दोष असता तर रोज बोटं तुटली असती. उन्नती रोजच उघडते ना ती रेकॉर्डिंग?"

"झटक्यात बंद केलेल्या डब्यावरच होतं, दादा."

"मंग झालं तर. माझ्या मानसांना ते जमत नाय. कोंडिबा एकटाच लबाड. बाकीच्यांना कोन शिकवनार?"

केबिनच्या काचेतून उन्नती दिसत होती. माऊसवर हात, स्क्रीनवर कालपरवाच्या चित्रांचे चौकोन. तिने उघडलं होतं. समोर चार नंबरवर राहीबाई पत्रा सारत होती. हात आत, हात बाहेर. हात आत, हात बाहेर. दिवा हिरवा.

हात आत असतानाही दिवा हिरवा.

निघून जावं, असा विचार मनात आला. आला, ते लपवत नाही. मग राहीबाई एका वाकड्या पत्र्याशी झटायला लागली, दोन्ही हातांनी, आणि तिचा पाय पेडलपासून वीतभरसुद्धा लांब नव्हता.

"मी शिकवलं," मी म्हणालो. प्रेसच्या आवाजात ते विरलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "शेठ, मी शिकवलं. सगळ्यांना. कोंडिबामामांनी माझं नाव घेतलं नाही, एवढंच. त्यांनी काही केलेलं नाही. चुकीच्या कागदावर सही माझी आहे."

कुंदनशेठनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, शिवी देण्यासाठी उघडलेलं तोंड मिटलं आणि मेन स्विच खाली ओढला.

धडधड थांबली. राहीबाई दचकली आणि तिचा पाय पेडलवर पडला. प्रेस हलली नाही.

डब्याला वेगळी बॅटरी असते. त्यामुळे त्याचा दिवा चालूच होता, हिरवा. नमिताताईंनी कुंदनशेठना चार नंबरच्या छोट्या स्क्रीनपाशी नेलं. राहीबाईचे दोन्ही हात अजून साच्यात होते. स्क्रीनवर मात्र लिंबू होतं, कुंकू लावलेलं, आज सकाळचं.

कुंदनशेठ खाली बसले. राहीबाईने हात बाहेर काढले, उलटेपालटे करून बघितले आणि पदराखाली घेतले.

७

निरीक्षकांच्या कागदावर 'कामगार' हा शब्द खोडला गेला. त्याखालची हकीकत मी स्वतः लिहिली, नाव-गाव-हुद्द्यासकट. माझी नोकरी राहिली, पण सहीचा अधिकार काढून घेतला, आणि ते योग्यच झालं. निशांतने न लिहिलेली ओळ लिहिली. बाराही डबे बदलले.

त्या गुरुवारी संध्याकाळीच दवाखान्यात जाऊन मी कोंडिबांना विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांनी हाताचं गाठोडं मांडीवर घेतलं. "तुमी आमचं ऐकलं व्हतं ना साहेब, आरतीचं. इंजनेर लोक कवा ऐकत्यात?" मग म्हणाले, "पर माझी बाय तसल्याच मशीनवर हाय, ह्ये तुमास्नी ठावं व्हतं. कालच बोलाय पायजे व्हतं."

पुढच्या अमावास्येला मला कारखान्यात बोलावलं. कोंडिबा डाव्या हातात घंटा घेऊन उभे होते. राहीबाईने लिंबू ठेवलं, उदबत्ती लावायच्या आधी प्रोग्राम नीट, पुस्तकाप्रमाणे बंद केला, आणि भोंगा सुरू झाला. आरतीचा एक शब्द ऐकू येईना. कोणी कानावर हात ठेवले नाहीत, कोणी कीबोर्डकडे गेलं नाही. सगळे तसेच उभे राहिले आणि मी मनात नऊपर्यंत मोजलं.